चेंडू पळतोय

ओसाका
९ ऑगस्ट १९७८

गेन्जो,

वीस वर्षांतलं पहिलं पत्र. सुरुवातीला हवेचं लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो : इथे फार उकडतंय. तुमच्याकडे डोंगरावरून वारा येत असेल, सफरचंदं लाल व्हायला लागली असतील. झालं हवेचं.

पत्र घरच्या पत्त्यावर पाठवलेलं नाही. बागायतदारांच्या संघाच्या पत्त्यावर, तुझ्या नावानं पाठवतोय. फुमिच्या हाती पडू देऊ नकोस. माझी धाकटी बहीण ती, आणि मला तिची भीती वाटते. लिहायला लाज वाटते, पण वाटते.

नोबुबद्दल लिहायचं आहे. घाबरू नकोस, त्याला काही झालेलं नाही. असं लिहिलं की वाचणारा आधी घाबरतो, तेही मला कळतं. यंदा तुझ्या मुलानं चौदा मॅच जिंकल्यात, पेपरात वाचलंच असशील. आम्ही पहिल्या नंबरच्या दोन पावलं मागे आहोत आणि चेंडू टाकणारा भरवशाचा पिचर एकच, नोबु. मॅनेजर कुगा त्याला दर तिसऱ्या दिवशी खेळवतो. मधल्या दिवशी मॅच हातातून जायला लागली, की शेवटचे दोन डाव पुन्हा त्यालाच उतरवतो. काल तसंच झालं. आजही.

रीत तू विसरला नसशील. मॅचआधी मैदानाच्या कडेला पिचर हात गरम करतो. मॅनेजर येऊन पाठीमागे हात बांधून उभा राहतो. पिचरला तो काही विचारत नाही, कारण हात गळून पडला तरी पिचर "ठीक आहे"च म्हणणार. विचारायचं ते झेलणाऱ्याला. "चेंडू कसा येतोय?" कॅचरचा तळहात खोटं बोलत नाही, असं आपल्या बेसबॉलच्या धंद्यात मानतात. झेलणारा "पळतोय" म्हणाला तर पिचर खेळणार, "पळत नाही" म्हणाला तर बसणार.

आता ते झेलण्याचं काम माझ्याकडे आहे. मला कोच म्हणतात. पोरं चेष्टा करतात : "अमेरिकेतून चेंडूचा वेग मोजायचं यंत्र येतंय म्हणे. ते आलं की ओइकावासानच्या हाताला पेन्शन." मीही त्यांच्याबरोबर हसतो.

रोज कुगा येतो, "ओइकावासान, चेंडू?" एवढंच विचारतो, आणि मी म्हणतो, "पळतोय."

हल्ली तो शब्द मी कुगाच्या बुटांकडे पाहून म्हणतो. कारण पुढे कधी तरी लिहीन. आत्ता एवढंच सांग : नोबुनं घरी काही लिहिलंय का? कोपराबद्दल, खांद्याबद्दल? एक ओळ पुरे.

कान्सुके


ओसाका
१६ ऑगस्ट

गेन्जो,

तुझं उत्तर नाही. मी तरी कशाच्या जोरावर वाट पाहावी?

आज पितरांचे दिवस संपले. सकाळी मैदानामागच्या लहान देवळात जाऊन आलो. आईबाबांसाठी उदबत्ती लावली, अमिदा बुद्धाचं नाव घेतलं. पंच गोतो आठवतो का? तुझे चेंडू झेलताना मी कॅचरच्या मुखवट्याच्या आत नाम घ्यायचो, ते त्याला मागे उभ्यानं ऐकू जायचं. एकदा भर मॅचमध्ये वाकून म्हणाला, "ओइकावा, अंत्यविधीचे मंत्र कशाला म्हणतोस? बॅटवाला अजून जिवंत आहे." तू तिकडे चेंडू हातात धरून हसत बसलास आणि आपले मॅनेजर हासुमी ओरडले, "बायकोशी नंतर हस!"

पेपरवाले कॅचरला पिचरची बायकोच म्हणतात, अजूनही. तुमच्या लग्नात फुमि सगळ्यांसमोर म्हणाली होती, "मी दुसरी. थोरली आमचा दादा. सवतीशी जमवून घेईन हो." बाबांना इतकी लाज वाटली की ते साकेची बाटली घेऊन अंगणात गेले ते परत आलेच नाहीत.

आईनं माझा झेलायचा पहिला हातमोजा लष्करी पिशवी फाडून शिवला होता. आत घोड्याचे केस भरले होते. पाऊस पडला की त्याला तबेल्याचा वास यायचा. १९५० साली नवे संघ निघाले, माणसं कमी पडायला लागली, तेव्हा तो चष्मेवाला माणूस गावात तुला न्यायला आला. मला नाही. तू शाळेच्या ओट्यावर बसून म्हणालास, "मी एकटा येणार नाही. कानशिवाय मला टाकता येत नाही." त्यानं माझ्याकडे पाहिलं. फळांच्या टोपलीबरोबर पाला येतो, तसा मी तुझ्याबरोबर आलो. संघाच्या वसतिगृहात पहिल्या दिवशी पांढरा भात मिळाला. तू सात वाडगे खाल्लेस आणि सगळे ओकून टाकलेस. मग बसून आणखी दोन खाल्लेस.

मी पाला आहे, हे अठ्ठावीस वर्षांत एक दिवसही विसरलो नाही. हे तुला कधी बोललो नव्हतो.

लिहायला बसलो होतो १९५८चं, आणि भाताचं लिहितोय.

शरद ऋतू होता, शेवटच्या मॅचची सकाळ. सहा दिवसांत तू चार वेळा खेळला होतास. कडेला हात गरम करताना तिसऱ्याच चेंडूला मला कळलं. तुझा चेंडू झेलला की तळहातात जिवंत मासा उसळल्यासारखं काहीतरी व्हायचं. त्या दिवशी काही नाही. ओली चिंधी पडावी तसा चेंडू पडत होता. मी मोजा काढून तुझ्याजवळ आलो. तू तोंडावर हात धरून म्हणालास, "कान, बोलू नकोस."

हासुमी आले. "ओइकावा, चेंडू?"

"पळतोय," मी म्हणालो.

तिसऱ्या डावात तुझ्या कोपरातून आवाज आला. तो मला साठ फुटांवर ऐकू आला. त्यानंतर तू कधी चेंडू टाकला नाहीस. अठ्ठावीस वर्षांचा होतास.

इथपर्यंत माझा मोठा दोष नाही, असं मी स्वतःला सांगत आलो. तूच म्हणालास ना, बोलू नकोस. पुढचं मात्र माझं एकट्याचं आहे. दवाखान्यात फुमि आली, नोबुला पाठीला बांधून. तिनं मला विचारलं, "दादा, तुला कळलं नव्हतं?" आणि मी म्हणालो, "नाही गं. हाताला काहीच जाणवलं नाही. चेंडू रोजच्यासारखाच येत होता."

तू मान वळवून माझ्याकडे पाहिलंस. मग परत खिडकीकडे पाहायला लागलास.

दुसऱ्या दिवशी पेपरात तुझ्यावर आलं : नुमासावानं दुखणं स्वतःच्या कॅचरपासूनही लपवलं. फुमि तुला म्हणाली, "दादालाही फसवलंत?" मी दाराशी उभा होतो. तू "हं" म्हणालास. तेवढंच. मग गावी गेलास, बागेत राबलास, आणि वीस वर्षं माझं खोटं अंगावर पांघरून बसलास.

नोबु हेच ऐकत वाढला. गेल्या साली संघात आला, पहिल्याच दिवशी वाकून मला म्हणाला, "मामा, बाबांनी तुम्हाला फसवलं, त्याची मला लाज वाटते. मी नाही फसवणार. दुखलं तर जगात सर्वांत आधी तुम्हाला सांगेन."

त्यानं अजून काही सांगितलेलं नाही. म्हणून मी घाबरलोय.

कान्सुके


नागोया
२७ ऑगस्ट

गेन्जो,

तुझं कार्ड ओसाकाहून इथल्या मुक्कामाच्या पत्त्यावर फिरून आलं. अक्षर वेडंवाकडं. डाव्या हातानं लिहितोस, हे मला माहीत नव्हतं. तीनच शब्द : "विचारू नकोस. बघ." खाली नावही नाही. मी ते खिशात ठेवलंय.

तू सांगितलंस तसं बघतोय. चॉपस्टिक टाळायला नोबु रोज करी-भात मागतो. चमचा डाव्या हातात धरतो. पोरं म्हणतात, "नुमासावा, करीचा रंग चढेल हं अंगाला!" तो म्हणतो, "शकुन आहे. जिंकेपर्यंत बदलायचं नाही." खेळाडूंचे शकुन कुणी तपासत नाही, त्यामुळे ही सबब छान चालते. बॅग डाव्या खांद्यावर. गाडीत बसला की उजवा हात मांडीवर ठेवतो, झोपलेलं मूल ठेवावं तसा.

तू विचारशील, एवढं सगळं बघायला कशाला हवं? माझा हात काय म्हणतो?

हात काहीच म्हणत नाही, गेन्जो. हेच मला पहिल्या पत्रात लिहायचं होतं आणि धीर झाला नाही. तीन वर्षांपूर्वी हिवाळ्यात मी चहाची किटली शेगडीवरून उचलली. मांस जळल्याचा वास आला, तेव्हा खाली पाहिलं. माझाच तळहात होता. डावा, मोज्यातला. पंचवीस वर्षं चेंडू खाऊन खाऊन पहिली दोन बोटं आणि त्याखालचा सगळा भाग मेला आहे. हे कुणाला ठाऊक नाही. बायको असती तर तिला कळलं असतं, ती जाऊन सहा वर्षं झाली.

मग मी रोज "पळतोय" कशावरून म्हणतो? आवाजावरून. आणि आवाजाचं तर तुला ठाऊकच आहे. चांगला कॅचर चेंडू मोज्याच्या खोलगट भागात असा घेतो, की बंदूक सुटल्यासारखं वाजतं. पिचरला हुरूप यावा म्हणून करतात. म्हणजे आवाजही मीच काढतो, आणि तोच ऐकून मीच साक्ष देतो.

दवाखान्यात जे खोटं बोललो होतो, हाताला काही कळलं नाही म्हणून, ते वीस वर्षं रस्ता शोधत शोधत शेवटी माझ्या हातातच येऊन राहिलं. देव शिक्षा करतो, असं मी मानत नाही. अमिदा कुणालाच दूर लोटत नाही, असं आईनं शिकवलंय. पण किटली परत शेगडीवर ठेवताना मी मोठ्यानं नाम घेतलं, हे खरं.

आता कालचं. इथल्या मुक्कामाच्या घरी मोठं न्हाणीघर आहे. मॅच झाल्यावर सगळे एकदमच जातात. नोबु पहिल्या दिवसापासून माझी पाठ घासतो. लहानांनी मोठ्यांची घासायची ही रीत, पण तो मन लावून घासतो. काल लाकडी बैठकीवर मागे बसून म्हणाला, "मामा, तुमची पाठ म्हणजे शाळेचा फळा. कितीही पुसा, काळी ती काळीच."

पलीकडून कुणीतरी ओरडलं, "नुमासावा, बेतानं! कोचची कातडी अजून लागणार आहे, त्यांचा मोजा फाटलाय!"

सगळे हसले. मी नाही हसलो. दीड वर्ष तो उजव्या खांद्याकडून सुरू करायचा, टॉवेल असा दाबून ओढायचा की मी पुढे सरकायचो. काल टॉवेल डावीकडून आला. हलका, उलटा, अडखळत. हात मेला असला तरी माझी पाठ जिवंत आहे, गेन्जो. पाठीला कळलं.

तू म्हणालास, विचारू नकोस. मी विचारलं नाही. "आता तू वळ," म्हणालो.

"नको मामा, आज राहू दे."

"वळ."

वळला. मी पाठ घासता घासता उजव्या हातानं, माझा उजवा हात अजून शाबूत आहे, त्याचं कोपर धरलं. अजून टबातही उतरला नव्हता, अंगावर गार पाणी होतं, आणि कोपर तव्यासारखं तापलेलं. सरळ होत नव्हतं. विळ्यासारखं वाकून राहिलं होतं.

"उन्हानं तापलंय," तो म्हणाला. मग हळूच म्हणाला, "अकरा मॅच राहिल्यात, मामा. फक्त अकरा. नंतर काय सांगायचं ते सांगा. आत्ता बोलू नका."

तुझ्याच तोंडचे शब्द. त्याला कुठून आले? तू तर कुणाला सांगितलं नव्हतंस.

टॉवेल पिळून उठलो. परवा ओसाकात मॅच आहे. कुगा येईल. मी खरं सांगितलं तर तो विचारणार, कशावरून, आणि मला माझा हात दाखवावा लागेल. मग माझं इथे काही काम उरत नाही. वय अठ्ठेचाळीस. गावची शाळा सोडली, तर झेलण्यापलीकडे दुसरं काही शिकलेलो नाही. आणि खोटं सांगितलं तर ते कोपर.

कालपासून मी नुसता नाम घेतोय. जेवतानाही.

कान्सुके


ओसाका
३० ऑगस्ट

गेन्जो,

काल झालं ते क्रमानं लिहितो.

नोबु कडेला हात गरम करत होता. मी सवयीनं आवाज काढत झेलत होतो. कुगा आला.

"ओइकावासान, चेंडू?"

साठ फुटांवर नोबु चेंडू हातात धरून माझ्या तोंडाकडे पाहत होता. मला शब्द आठवेना. मग कुठून तरी आला.

"पळत नाही."

कुगा हसला. "आवाज तर तोफेसारखा येतोय."

"आवाज मी काढतो."

"म्हणजे?"

"या हाताला तीन वर्षं काही कळत नाही. मी तुम्हाला अंदाजानं सांगत आलो."

त्यानं माझा मोजा ओढून काढला. टोपीवरच्या बिल्ल्याची टाचणी उपसली आणि माझ्या बोटात रुतवली. मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहत राहिलो. त्याचा चेहरा बदलला, तेव्हा खाली पाहिलं, तर रक्त मनगटापर्यंत आलं होतं.

"तीन वर्षं," कुगा म्हणाला. आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त भीती वाटली. "तीन वर्षं मी कुणाचं ऐकून पोरं उतरवत होतो?"

"चुकलो. मला हे काम हवं होतं."

"मग आज कुठून कळलं तुला?"

"पाठीवरून. न्हाणीत."

"पाठीवरून!" तो मागे वळला. आजूबाजूला चार-पाच जण जमले होते. "ऐका रे, आमच्या कोचची पाठ बोलते." मग माझ्याकडे झुकून म्हणाला, "हात मेलाय तर तुझ्या म्हणण्याला किंमत काय? मामा-भाच्याचं काय साटंलोटं असेल ते घरी. पोरगा खेळणार."

गेन्जो, याचा मी विचारच केला नव्हता. दोन दिवस मला वाटत होतं, की खरं बोललं की ते ऐकलं जातं. माझी भीती एवढीच होती, की मला बोलता येईल की नाही.

तेवढ्यात नोबु धावत आला. लालबुंद. "मॅनेजर, मी ठीक आहे! कोचना काही कळत नाही, तेच म्हणाले ना आत्ता!" मग माझ्याकडे वळून, पहिल्यांदा मैदानावर 'मामा' म्हणून ओरडला, "मामा, मी बाबांसारखा नाही! मी फसवत नाही कुणाला!"

"बाबांनी फसवलं नव्हतं," मी म्हणालो. "मला माहीत होतं. त्या दिवशी सकाळीच माहीत होतं. हात तेव्हा चांगला होता माझा. तुझ्या आईशी मी खोटं बोललो."

नोबुच्या हातातला चेंडू खाली पडला. तो उचलायला वाकला आणि डाव्या हातानं उचलला. मी ते पाहिलं. कुगानंही पाहिलं.

"नुमासावा," कुगा म्हणाला, "उजव्या हाताची बोटं उजव्या खांद्याला लाव."

"मॅनेजर..."

"लाव."

नोबुनं हात वर घेतला. कोपर अर्ध्यात अडलं. बोटं आणि खांदा यांच्यात वीतभर अंतर राहिलं. तो जोर लावत होता, कपाळावरून घाम गळत होता, आणि तो वीतभर हवेशी भांडत होता. इतकी माणसं बघत होती, पण कुणी हसलं नाही. मला वाटलं, आता त्याचा हात धरावा आणि खाली ठेवावा. पण तो हक्क आता माझा राहिला नव्हता.

"पुरे," कुगा म्हणाला. "गाडी काढा. दवाखान्यात न्या याला."

जाताना नोबु माझ्या अंगावरून गेला. माझ्याकडे पाहिलं नाही.

मॅच आम्ही हरलो, आठ-एक. मी शेवटपर्यंत बाकावर बसलो होतो. कुणी बसू नको म्हणालं नाही, आणि शेजारी कुणी बसलंही नाही.

कान्सुके


ओसाका
६ सप्टेंबर

गेन्जो,

कोपरातून हाडाचे तीन तुकडे काढले, सोयाबीनच्या दाण्याएवढे. डॉक्टर म्हणाले, बाजूची शीर तुटली नाही, पण उसवलेल्या शिवणीसारखी लोंबतेय. आणखी एक-दोन मॅच खेळला असता तर गेलीच होती. तो परत चेंडू टाकेल का, हे पुढच्या उन्हाळ्यात कळेल. टाकेल असं ते म्हणाले नाहीत. टाकणार नाही असंही म्हणाले नाहीत. मी तीन वेळा विचारलं, तेव्हा नर्सनं मला बाहेर बसवलं.

मला काढून टाकलं. कुगा स्वतः सांगायला आला, हे त्याचं चांगलं. दारातच उभा राहून म्हणाला, "तुझ्यावर ओरडायला आलो होतो. पण मीही रोज तुलाच विचारत होतो, त्या पोराकडे कधी पाहिलं नाही." मग पायरी उतरून गेला. महिनाअखेरीस खोली सोडायची आहे. एका शाळेत मैदान झाडायला, जाळ्या दुरुस्त करायला माणूस हवाय म्हणतात. विचारून बघेन.

नोबु सहा दिवस माझ्याशी बोलला नाही. मी रोज जाऊन दाराजवळच्या खुर्चीवर बसायचो, त्यानं भिंतीकडे तोंड केलं की उठायचो. कालही उठलो, तेव्हा भिंतीकडे पाहतच तो म्हणाला, "मग बाबांनी वीस वर्षं का नाही सांगितलं?"

"माहीत नाही," मी म्हणालो.

"आईनं त्यांना किती बोल लावले. मी लावले. माझ्या शाळेतल्या पोरांनी लावले. एकदा मी त्यांना 'खोटारडे' म्हणालो होतो, जेवताना. तरी नाही सांगितलं."

"माहीत नाही रे."

"तुम्हाला काय माहीत असतं, मामा?"

मी खाली आलो. दवाखान्यापुढच्या बाकावर बराच वेळ बसून होतो. तू मला वाचवत होतास, की फुमिला तिचा भाऊ उरावा म्हणून गप्प होतास, की "बोलू नकोस" म्हणालास त्याची शिक्षा स्वतःला देत होतास? मी तुझा प्रत्येक चेंडू सुटायच्या आधी ओळखायचो. हे मात्र ओळखता येत नाही.

आता एक राहिलंय. ते लिहिल्याशिवाय हे पत्र पाकिटात घालता येणार नाही.

तू "बोलू नकोस" म्हणालास, म्हणून मी "पळतोय" म्हणालो, असं मी दुसऱ्या पत्रात लिहिलं. ते खरं नाही. त्या सकाळी तुला बसवलं असतं तर दुसरा पिचर किमुरा खेळला असता, आणि किमुरा आपला कॅचर बरोबर आणायचा. म्हणजे त्या मॅचला मी बाकावर बसलो असतो. पंचेचाळीस हजार माणसं आणि मी बाकावर. तुझ्याशिवाय हा कोण, हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं असतं, अशी भीती मला वाटली. तुझ्या कोपराचा विचार मनात आला होता. आला आणि गेला. तू काही म्हणाला नसतास, तरीही मी "पळतोय"च म्हणालो असतो, गेन्जो. मी तुझं ऐकलं नव्हतं. मला नेमकं हवं होतं ते तू बोललास, एवढंच.

नोबुला हे सांगितलेलं नाही. फुमिलाही नाही. तुला आधी सांगायला हवं होतं.

शनिवारी दुपारच्या गाडीनं नोबु घरी येतोय. हात गळ्यात बांधलेला आहे. बॅग स्वतःच उचलतो, कुणाला हात लावू देत नाही, तेव्हा स्टेशनवर भांडू नकोस. आल्या आल्या काही विचारणार नाही. जेवेल, बागेतून फिरून येईल, आणि मग आईसमोर विचारेल. मी त्याला दीड वर्ष झेललंय, तेवढं मला कळतं. त्या वेळी फुमिला चहाच्या निमित्तानं आत जाऊ देऊ नकोस, तिला बसव. हे शेवटचं पत्र तिला वाचायला दे, आधीची चारही दे. मला वाचवायला काही बोलू नकोस. आणि या वेळी गप्पही बसू नकोस.

शनिवार येईपर्यंत मी इथे घाबरलेला असेन, त्यानंतरही. ते माझं मी बघून घेईन.

कान्सुके